पाण्याने खाल्लेला फोटो

कपाटामागच्या भिंतीला ओल आली होती आणि जुना अल्बम नेमका त्याच खणात, त्यामुळे बाहेर काढला तेव्हा निम्मे फोटो प्लास्टिकला चिकटलेले, एक नखाने सोडवायला गेले तर अर्धं आभाळ प्लास्टिकलाच राहिलं. मग हात लावायचं बंदच केलं.

त्यातला एक मात्र चार दिवस टेबलावरच पडून आहे. बाबा आणि आत्या, मागे सायकल. उजव्या कोपऱ्यातून पाणी शिरलंय पण चित्र एकदम गेलेलं नाही, आधी सगळं लालसर, मग पिवळं, मग नुसता पांढरा कागद, असं वाटतं फोटोतच सूर्य मावळतोय. मला वाटलं योगायोग, पण रंगीत प्रिंटमध्ये जिलेटिनचे तीन थर असतात, वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाला पिवळा. वरचा गेला की उरलेले दोघं मिळून लाल दिसतात, मधलाही गेला की पिवळा. म्हणजे नासतानासुद्धा क्रमाने नासतो बिचारा! आणि जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाणं, त्यामुळे पिवळ्या भागात मुळांसारखी बारीक नक्षी उमटलीये, अशी कुणी हाताने काढून दाखवावी.

हल्ली असे डाग, ज्वाळांसारखे नारिंगी पट्टे ॲपमध्ये फिल्टर म्हणून मिळतात. मला नाही आवडत ते. दहा फोटोंना तोच डाग, मग त्यात अपघात कुठला?

अर्थात सुंदर वगैरे म्हणायला आपलं काय जातं. 2011 च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या यामामोतोत स्वयंसेवकांनी चिखलातले साडेसात लाखांच्या आसपास फोटो धुतले, लोकांना परत देता यावेत म्हणून. ज्यात काहीच ओळखू येईना त्यातले काही पुढे प्रदर्शनात लागले. बघताना डोळ्यांना गोड वाटतात आणि लगेच ओशाळल्यासारखं होतं, कारण त्या रंगांखाली कुणाचं तरी माणूस होतं.

आमच्या फोटोत आत्याचा चेहरा गेलाय. भाच्याने ॲपमधून दोन मिनिटांत नवा करून दिला, गुळगुळीत, हसरा. आईने बघितला आणि म्हणाली, ही कोण?

मग मी मूळ फोटो पुढे केला. तिने चष्मा लावला, पांढऱ्या भागाकडे बघितलंच नाही, बाबांच्या खांद्यावर जो हात उरलाय त्यावर बोट ठेवलं. "घड्याळ उजव्या हातात. तीच."