बाजाराच्या दिवशीची सुनावणी

आमच्या नगर परिषदेच्या प्रारूप विकास योजनेवर आलेल्या हरकती आणि सूचनांची सुनावणी नेमकी बुधवारी, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली गेली होती. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातले हे तालुक्याचे गाव बुधवारी आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या माणसांनी भरून जाते, त्यामुळे गर्दी आणि गोंगाट टाळण्यासाठी तारीख बदलावी, असे काही सदस्यांनी सुचवले होते. तारीख बदलली गेली नाही, हे फार चांगले झाले. त्या दिवशी जे घडले ते इतर कोणत्याही वारी घडू शकले नसते.

मी रचना सहायक आहे. आलेल्या प्रत्येक हरकतीला क्रमांक देणे, नकाशावर तिची जागा शोधणे, तिचा सारांश लिहिणे आणि नियोजन समितीसमोर ठेवायचे विवरणपत्र तयार करणे हे माझे काम होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप योजना तयार झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. मुदतीत लेखी हरकत देणाऱ्यांना कलम २८ खालील नियोजन समिती समक्ष ऐकून घेते आणि आपला अहवाल नगर परिषदेला देते. त्यानंतर आवश्यक ते फेरबदल करून योजना शासनाच्या मंजुरीसाठी जाते. सामान्य माणसाला या सगळ्या प्रवासात स्वतः बोलण्याची संधी सुनावणीच्या दिवशीच मिळते, आणि तीही काही मिनिटांची.

हरकतींचा मोठा भाग जुन्या गावाच्या पुनर्विकासाबद्दल होता. योजनेत प्रस्ताव असा होता की, बाजार चौकाला लागून असलेल्या नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, मैदानावर व्यापारी संकुल उभारावे, चौकातून जुन्या वस्तीत जाणारा रस्ता १२ मीटर रुंद करावा आणि आठवडी बाजार वळण रस्त्यापलीकडच्या शेतजमिनीवर आरक्षण टाकून तिकडे हलवावा. कागदावर हा प्रस्ताव स्वच्छ दिसत होता. त्याच्या बाजूने आलेल्या सूचनाही खोट्या किंवा स्वार्थी म्हणून बाजूला सारण्यासारख्या नव्हत्या. बाजारातल्या टिनाच्या शेडा गळतात, पावसाळ्यात चिखलात पाय रुततो, बायांसाठी स्वच्छतागृह नाही, बुधवारी रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही, हे व्यापाऱ्यांनी लिहिले होते आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. गावातल्या शिकलेल्या मुलांनी गाळ्यांची मागणी केली होती. गावात रोजगाराची दुसरी सोय काय आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या मागणीला नावे ठेवणार नाही.

रस्ता रुंदीकरणाच्या हरकती वाचताना मात्र मन जड होत असे. समोरासमोरच्या दोन घरमालकांनी एकाच दिवशी अर्ज दिले होते आणि रुंदीकरण पलीकडच्या बाजूने करावे, अशी दोघांचीही विनंती होती. एका घराची सागवानी खांबांची ओसरी जात होती, दुसऱ्याच्या पुढच्या खोलीतले शिलाईचे दुकान जात होते. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसांना एकमेकांविरुद्ध अर्ज लिहावा लागतो, त्याचे कारण आपण नकाशावर ओढलेली रेषा असते.

शिवाय एकाच मजकुराच्या छापील अर्जांचे गठ्ठे होते. कार्यालयात अशा अर्जांना फारशी किंमत दिली जात नाही. ‘एकाच नमुन्याचे’ असा शेरा मारून एकत्र निकाली काढण्याची पद्धत आहे. मी ते एकेक करून वाचले, कारण सहीच्या वर किंवा खाली बऱ्याच जणांनी हाताने एखादी ओळ वाढवली होती. ‘आमची बोरवेल याच जागेत आहे.’ ‘माझ्या घराची आखीव पत्रिका वडिलांच्या नावे आहे, नोटीस कोणाला येईल?’ ‘नाली आमच्या घरामागून जाते, रस्ता उंच केला तर पाणी आत येईल.’ छापील मजकुरात विरोध होता आणि हाताने लिहिलेल्या ओळीत जागेची माहिती होती. अशी माहिती कोणत्याही मोजणीत हाती लागत नाही, म्हणून विवरणपत्रात मी प्रत्येक ओळ वेगळी नोंदवली.

याच गठ्ठ्यात वहीच्या रेघी पानावर लिहिलेला एक अर्ज होता. अर्जदार बाई तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, बाजारात भाजी आणि हंगामात शिंगाडे विकणाऱ्या. अर्ज त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या नातीने लिहून दिला होता आणि खाली बाईंचा अंगठा होता. बाजार हलवू नये, एवढीच मागणी होती. छाननीच्या वेळी आमच्यापैकी एकाने आक्षेप घेतला की, या बाई शहराच्या रहिवासी नाहीत, मतदार यादीत त्यांचे नाव नाही, मालमत्ता कर त्या भरत नाहीत, तेव्हा त्यांना सुनावणीची नोटीस काढण्याचे कारण नाही. मी अधिनियमातले शब्द वाचून दाखवले. हरकत घेण्याचा हक्क कायद्याने कोणत्याही व्यक्तीला दिला आहे. ती रहिवासी असावी, करदाती असावी किंवा मालक असावी, अशी अट नाही. हा मुद्दा मला तेव्हाही महत्त्वाचा वाटला आणि आजही वाटतो, कारण तालुक्याच्या गावाचे पोट खेड्यांवर चालते. ज्या माणसांमुळे इथला बाजार, कापडाची दुकाने, दवाखाने आणि एस.टी. स्टँड चालतात, त्यांतली बहुतेक नगर परिषदेच्या हद्दीबाहेर राहतात आणि इथल्या निवडणुकीत मत देत नाहीत. त्यांच्या हाती असतो तो हा हरकतीचा कागद.

नोटीस गेली. बुधवारी दुपारच्या सुमारास बाई शेजारणीला टोपल्या सोपवून सभागृहात आल्या. भिंतीवर मोठा रंगीत नकाशा लावलेला होता. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून मी एस.टी. स्टँड, चौक आणि तलाव बोटाने दाखवले. तेवढे कळल्यावर बाजाराची जागा त्यांनी स्वतःच बोट ठेवून दाखवली. मग वळण रस्त्यापलीकडची नवी जागा मी दाखवली तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

समितीच्या अध्यक्षांनी आदराने विचारले, “मावशी, नवीन जागेवर शेड मिळेल, पाणी मिळेल. मग अडचण काय?”

“शेड चांगलाच आहे जी, नाही कोन म्हणते?” त्या म्हणाल्या. “पन स्टँडावून तितं टोपली डोक्यावर घेऊन जावा लागंन. सांजची गाडी सुटली त मी घरी कशी जाऊ? अन् गाळा आमाले कायले पायजे? आमाले बसाची जागा पायजे, साहेब.”

एका सदस्याने विचारले की, इथे किती वर्षांपासून बसता. सासू बसत होती, मग मी बसू लागले, असे त्यांनी सांगितले आणि सोबतच्या प्लास्टिकच्या पिशवीतून सातबाऱ्याच्या उताऱ्यात जपून ठेवलेला एक कागद काढला. तो बाजार वसुलीची पावती होती. कागद घड्यांवर फाटलेला होता, तारखेची शाई उडाली होती, पण वर ‘म्युनिसिपल कमिटी’ ही अक्षरे आणि खाली ‘मध्यप्रदेश’ हा शब्द वाचता येत होता. रकमेच्या जागी दोन आणे लिहिलेले होते. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चालू झाली. छापलेली पुस्तके आणि जुनी नाणी त्यानंतर काही काळ वापरात राहिली असतील हे धरले, तरी ती पावती साठ वर्षांहून जुनी होती यात कोणाला शंका राहिली नाही. सासूने ती का जपली होती, हे बाईंना सांगता आले नाही. नगरपालिकेचा कागद आहे, फेकू नये, एवढेच सासू म्हणत असे.

ही पावती समितीपुढे येण्याला कायद्याच्या दृष्टीनेही अर्थ होता. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्रय विनियमन) अधिनियम, २०१४ च्या दुसऱ्या अनुसूचीत असे तत्त्व आहे की, ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जमत आलेल्या जागी, पथविक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आले आहेत तो वारसा बाजार म्हणून घोषित करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना स्थलांतरित करू नये. आठवडी बाजाराला हे कितपत लागू होते यावर समितीत दुमत झाले, कारण नैसर्गिक बाजार ठरवण्याची रीतसर प्रक्रिया आमच्याकडे झालेली नव्हती. परंतु बाजाराच्या जुनेपणाचा पुरावा कार्यालयाच्या दप्तरात नसताना एका भाजीवाल्या बाईच्या पिशवीत निघाला, ही गोष्ट सगळ्यांनी गंभीरपणे घेतली.

समितीने सुनावणी तासभर थांबवून स्थळ पाहणी करायचे ठरवले. सभागृहापासून मैदान पाच मिनिटांवर आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात हे मैदान ‘रिक्त’ म्हणून दाखवलेले होते, कारण सर्वेक्षण बाजाराच्या दिवशी झालेले नव्हते. बुधवारी तिथे उभे राहिले की मैदानाची मांडणी आपोआप समजते. प्रत्येक गावचे विक्रेते त्यांच्या गावाचा रस्ता जिथून मैदानात येतो त्या बाजूला बसतात, त्यामुळे गिऱ्हाईकालाही कोणाची लाखोळीची भाजी कुठे मिळेल हे ठाऊक असते. चिंचेची सावली दुपारी सरकत जाईल तिकडे पालेभाजीच्या ओळी असतात. बुरूड समाजाची माणसे सुपे आणि टोपल्या घेऊन उन्हात कडेला बसतात, कारण बांबूच्या मालाला सावली लागत नाही. मासोळीवाल्या बाया उताराच्या टोकाला नालीजवळ बसतात, म्हणजे धुण्याचे पाणी कोणाच्या अंगावर न येता वाहून जाते. ही रचना कोणी कागदावर आखलेली नाही, परंतु एखाद्या अनुभवी नगररचनाकाराने केली असती तर तिच्यात फारसे बदलण्यासारखे काही राहिले नसते, असे समितीतल्या तज्ज्ञ सदस्याने तिथेच उभे राहून सांगितले. प्रस्तावित संकुलाच्या जोत्याची रेषा चिंचेच्या बुंध्यातून आणि मासोळीच्या ओळीवरून जात होती.

बाईंनी तिथे आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. बाजाराला आलेल्या बायांना दिवसभर लघवीला जायला जागा नाही, म्हणून बऱ्याच जणी सकाळपासून पाणी पीत नाहीत. स्वच्छतागृह हवे, असे व्यापाऱ्यांनी सूचनेत एका शब्दात लिहिले होते. त्या शब्दामागे उन्हाळ्यात तहान मारून बसणाऱ्या बाया आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

दुपारनंतर वळण रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्यांची सुनावणी झाली आणि चित्र पूर्ण झाले. त्यांच्या धानाच्या बांध्यांवर बाजाराचे आरक्षण पडणार होते. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप सुटते. आमच्यासारख्या लहान नगर परिषदेकडे संपादनाचा पैसा कुठून येणार, हा प्रश्न एका शेतकऱ्याने सरळ विचारला आणि त्याला कोणाकडेही उत्तर नव्हते. जुने मैदान संकुलाखाली जाईल, नवे आरक्षण पैशाअभावी सुटेल आणि बाजार अखेर महामार्गाच्या कडेला, ट्रकांच्या बाजूला बसेल, ही शक्यता तोवर कोणी उघडपणे मांडली नव्हती. खेड्यातली भाजीवाली आणि वळण रस्त्याचा शेतकरी यांची ओळख नव्हती, पण दोघांच्या हरकती एकमेकींना पुरावा देत होत्या. मी विवरणपत्रात त्या शेजारी शेजारी ठेवल्या.

समितीने आपल्या अहवालात बाजाराचे मैदान आहे तिथेच, उघड्या ओट्यांसह आठवडी बाजारासाठी कायम ठेवण्याची, चिंच वाचवण्याची, बायांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची जागा नकाशात दाखवण्याची आणि संकुल नगर परिषदेच्या जुन्या गोदामाच्या जागेवर लहान आकारात करण्याची शिफारस केली. गाळे मागणाऱ्या मुलांच्या वाट्याला त्यामुळे कमी गाळे आले आणि त्यांची नाराजी मला समजते. रस्त्याची रुंदी काही भागात कमी झाली. शिलाईच्या दुकानाचा प्रश्न मात्र सुटला नाही. वळणावरचे ते घर अजूनही रेषेत आहे आणि त्याच्या मालकाला मी वेगळे काही सांगू शकलो नाही. नगर परिषदेने बहुतेक शिफारशी स्वीकारल्या, योजना शासनाकडे गेली आहे आणि शासन त्यात बदल करू शकते, हे मी बाईंच्या नातीला पत्राने कळवले.

त्यानंतर आमच्या कार्यालयातून विकास योजनेची कोणतीही सूचना निघाली की तिची प्रत राजपत्र आणि वृत्तपत्रांबरोबर एस.टी. स्टँडवर, बाजाराच्या मैदानावर आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या फलकांवरही लावली जाते. मुख्याधिकाऱ्यांनी तसा लेखी आदेश काढला आहे, आणि सूचनेच्या मजकुरात हे वाक्य ठळक अक्षरांत घातले आहे की, हरकत देणारी व्यक्ती नगर परिषद हद्दीतील रहिवासी असणे आवश्यक नाही.