छत्री वाकडी

सकाळी 6 वाजता इंदूरच्या कृष्णपुरा छत्रीवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकावर. 81 फोटो काढले, एक टाकला, मग दिवसभर मोबाइल पालथा ठेव, परत उचल. संध्याकाळपर्यंत 9 लाइक्स, त्यातले 4 घरचेच!

जुन्या काळचे नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ याच इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला होते. कॅमेरा हाती घेतला तेव्हा दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला. म्हणजे त्यांनाही कुणीतरी लागलंच की. माझ्याकडे होळकर नाहीत, आई आहे. सकाळच्या उरलेल्या पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत तिनं फोटो बघितला. "कबूतर मस्त आलंय. पण छत्री वाकडी का रे?"

वाकडीच होती. दिवसभर लाइक्स मोजले, फोटो बघितलाच नव्हता. उद्या परत जातोय.