खाऱ्या पाण्याचे डोहाळे

लेकीला डोहाळे लागले ते खाऱ्या पाण्याचे. चिंच नको, कैरी नको, मालवणहून बांधून आणलेली आमसुलं नकोत. त्यातली अर्धी तर सिडनीच्या विमानतळावरच काढून घेतली होती, तरी उरलेली होती ना. पण नाही. सातव्या महिन्यातली बाई सोफ्यावर पाय वर करून म्हणाली, "आई, मला काही खायचं नाहीये. मला समुद्रात जाऊन पडायचंय."

आपल्याकडे डोहाळजेवणाचे प्रकार असतात. बागेतलं, चांदण्यातलं, झोपाळ्यावरचं, नावेतलं. नावेतल्या डोहाळजेवणात पुठ्ठ्याची होडी करून बाईला तिच्यात बसवायचं, हिरवी साडी नेसवायची आणि फोटो काढायचे. मी म्हटलं, तसं करू, घरात पुठ्ठ्याची खोकी चिकार आहेत. तर म्हणाली, "होडी नको, पाणी पाहिजे."

दिवस संक्रांतीचा. तिथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. आपण म्हणतो संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो. इथे तो तीळ तीळ कमी होत होता आणि तरी ऊन असं की तिळगूळ डब्यातच पाघळलेला. जावई, लेक आणि मी बसने कूजीला निघालो. कूजी हा सिडनीच्या पूर्व अंगाचा समुद्रकिनारा. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, अर्थ म्हणे 'घाण वासाची जागा', किनाऱ्यावर शेवाळ कुजून यायचा त्या वासावरून. मला भाषांतराची गरजच पडली नाही. कुजतं ते कूजी! लेकीने कपाळाला हात लावला, पण मी दिवसभर खूश होते.

एक गोष्ट मात्र मला तिथे शेवटपर्यंत सुधरली नाही. समुद्र चुकीच्या बाजूला होता. माझ्या डोक्यात समुद्र म्हणजे पश्चिम, सूर्य त्यात बुडतो. इथे तो समुद्रातून वर येतो आणि गावावर मावळतो. दिशा विचाराल तर मी आजही उलटं सांगेन.

किनाऱ्यावरून दक्षिणेला कड्याच्या काठाने चढत गेलं की एक पाटी येते. 'मॅकायव्हर्स लेडीज बाथ्स'. त्याच्या खाली, थेट कड्याच्या पायथ्याशी, खडकात समुद्राचा एक तुकडा अडवून ठेवला आहे. दोन बाजूंना मूळचा कातळ, समुद्राच्या बाजूला सिमेंटची बुटकी भिंत, आत खरा समुद्र. फक्त बायका आणि लहान मुलं. पुरुषाला पाटीच्या पुढे यायची परवानगी नाही. जावयाच्या हातात आम्ही तिळगुळाचा डबा आणि पाण्याची बाटली दिली आणि त्याला वर बागेतल्या बाकावर बसवून दिलं. हळदीकुंकवाला घरातले पुरुष गच्चीवर जाऊन बसतात तसा बसला बिचारा.

आत जाताना तिकीट नाही. नाणी टाकायची. कित्येक वर्षं म्हणे फक्त 20 सेंट टाकायची पद्धत होती, आता थोडे डॉलर झालेत. कोणी मोजत नाही. मी पोस्टाच्या खिडकीवर 31 वर्षं काढली आहेत. पैसे न मोजता माणसांना आत सोडायचं ही कल्पनाच माझ्या पोटात गोळा आणणारी. मी आमची नाणी दोनदा मोजून टाकली.

आता माझी गोष्ट. मी मालवणची, म्हणजे समुद्र अंगणाला लागून. लोकांना वाटतं, ही पोहण्यात पटाईत असणार. मला पोहता येत नाही. भावांच्या पाठीला रिकामा डबा बांधून काकांनी त्यांना बावीत ढकललं. बाव म्हणजे आमच्याकडची विहीर. ते ओरडले, पाणी प्यायले आणि चार दिवसांत मासे झाले. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. समुद्रावर गेलं की मागून आजीची हाक ठरलेली, "गो, ढोपराच्या वर जाव नको!" आजी वारली, माझी पन्नाशी उलटली, पण पाणी ढोपराला लागलं की माझे पाय आपोआप थांबतात.

गंमत म्हणजे बायकांनी आडोशाला समुद्रात उतरायची सोय आमच्या समोरच होती. सिंधुदुर्ग किल्ल्याला लागून एक चिमुकली पुळण आहे, तिला राणीची वेळा म्हणतात. ताराराणी तिथे समुद्रस्नानाला यायच्या असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. शाळेच्या सहलीत तिथे उभं राहून मी विचार केल्याचं आठवतं, की समुद्रात उतरायला आधी राणी व्हावं लागतं.

लेकीने माझ्यासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा आणि खाली लेगिंग आणून ठेवलं होतं. मी तो पिशवीतून काढेना. ती म्हणाली, "आई, आधी नुसतं बघ तरी."

म्हणून बघितलं. काय काय बघितलं ते मालवणात कोणाला सांगायची सोय नाही. एक साधारण ऐंशीच्या बाई, पाठीला पोक, डोक्यावर फुलाफुलांची रबरी टोपी, कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या आणि पाण्यात शिरल्याबरोबर पोक कुठे गेलं कळेना. खडकावर काही जणी कमरेच्या वर काहीही न घालता पालथ्या पडून पुस्तक वाचत होत्या. त्यांच्यापासून चार हातांवर तीन मुसलमान बायका डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या पोशाखात पाय बुडवून खिदळत होत्या. एकीच्या छातीवर ऑपरेशनचा लांब व्रण होता, तो ती उन्हाला देऊन बसली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बघत होते ती मी एकटीच, आणि मग मलाच माझी लाज वाटली. आत फोटो काढायला बंदी आहे. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, नावेतल्या डोहाळजेवणाचे मात्र दोनशे निघाले असते.

हळदीकुंकवाचं म्हटलं म्हणून आठवलं. हे गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून संक्रांतीची बोलावणी येणं बंद झालं. कोणी मुद्दाम टाळलं असं नाही, लोक चांगले आहेत, माझ्या डोळ्यांसमोरून वाणाच्या पिशव्या घेऊन जाताना ओशाळतात. आणि इथे नेमक्या संक्रांतीच्या दिवशी मी अशा ठिकाणी उभी होते जिथे फक्त बायका जमतात आणि दारात कपाळाकडे बघत नाहीत.

लेक अशा जागांची सगळी माहिती काढून ठेवते, बापावर गेली आहे. तिच्याकडून कळलं ते असं. हा तलाव 1886च्या सुमाराला बांधून काढलेला, पण बायका त्याच्याही आधीपासून तिथे येत. मॅकायव्हर नावाच्या दाम्पत्याने तो काही वर्षं चालवला, पुढे 1920च्या दशकात बायकांनी मंडळ काढलं आणि तेच आजतागायत चालवतं. 1990च्या दशकात एका पुरुषाने तक्रार केली, आम्हाला बंदी हा भेदभाव आहे. 1995 साली सरकारने कायद्यातून या तलावाला सूट दिली आणि विषय मिटला. मला त्या गृहस्थांचं नवल वाटतं. बाहेर अख्खा प्रशांत महासागर मोकळा पडलेला, आणि यांना पाहिजे काय, तर हा एवढा डबकाभर!

त्याहून नवल मला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. मी समजत होते, या गोऱ्या लोकांना पहिल्यापासून काही विधिनिषेध नाही. तर एकोणिसाव्या शतकात तिथे दिवसाउजेडी समुद्रात उतरायलाच कायद्याने बंदी होती, पुरुषांनासुद्धा! 1902 साली मॅनलीच्या किनाऱ्यावर विल्यम गॉकर नावाच्या एका संपादकाने आधी जाहीर करून भर दिवसा समुद्रात बुडी मारली, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी बंदी सैल झाली. बायकांची तऱ्हा आणखी निराळी. या तलावाच्या शेजारीच वायलीज बाथ्स आहे, 1907 सालचा. तो बांधणाऱ्या वायलींची मुलगी मीना आणि तिची मैत्रीण फॅनी ड्युरॅक या दोघी 1912च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला निघाल्या. बायकांच्या पोहण्याच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होणार होत्या. आणि अडवलं कोणी? बायकांच्याच पोहण्याच्या संघटनेने. पुरुषांच्या देखत बायकांनी शर्यतीत उतरू नये असा त्यांचा नियम होता. लोकांनी ओरड केली, नियम बदलला, वर्गणी जमली, आणि 100 मीटरमध्ये फॅनीला सुवर्ण, मीनाला रौप्य. म्हणजे "ढोपराच्या वर जाव नको" म्हणणारी आजी तिथेही होतीच.

असे खडकातले तलाव न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर 100च्या घरात आहेत. सगळ्यात जुन्यांपैकी एक 1819च्या सुमाराला न्यूकॅसलला कैद्यांकडून कोरून घेतलेला, तोही एका लष्करी साहेबाच्या आंघोळीसाठी. पुढे 1930च्या मंदीत बेकारांना काम म्हणून बरेच बांधले गेले, म्हणजे आपल्या रोजगार हमीसारखंच. आपल्याकडे रोजगार हमीतून पाझर तलाव झाले, यांचे पोहण्याचे. मी म्हटलं, मग मुंबईला का नाही असं? तर त्याला भरती-ओहोटी आडवी येते. सिडनीला मोठ्यात मोठ्या उधाणालासुद्धा पाणी जेमतेम दोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईत पावसाळ्यात भरतीच साडेचार मीटरच्या वर जाते. सहा तासांत तलाव बुडेल आणि पुढच्या सहा तासांत कोरडा पडेल. आणि त्या पाण्यात जे जे येतं, ते अडवून ठेवायला भिंत बांधावी असं कोणालाच वाटणार नाही.

लेक मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघत होती. मी विचारलं, "आज तिथी काय?" तिला ते पंधरा मिनिटं सापडेना. शेवटी मीच बोटांवर मोजून सांगितलं, आज अष्टमी, म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती, पाणी बेताचं असणार. तिने वेळापत्रक बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. चंद्र काय वेगळा आहे का तिथे?

ती पायऱ्या उतरून पाण्यात गेली. आठवडाभर उठताना-बसताना "आई गं" करणारी मुलगी पाण्यात पडल्यावर पाठीवर उलटली. पोटाचा गोल तेवढा वर, भोपळ्यासारखा. डोळे मिटलेले. दहा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. तो चेहरा मी तिच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मग मी पिशवीतून तो अंगरखा काढला.

पायऱ्या बुळबुळीत. कठडा खारट हवेने खरखरीत झालेला, तळहाताला सालपटं लागतात. पाणी गार, आपल्या समुद्रासारखं कोमट नाही, 22 अंशांच्या आसपास असेल. घोट्यापर्यंत गेले. पोटरीपर्यंत. पाण्याखालच्या खडकावर कालवांसारखे शिंपले चिकटलेले, त्यांच्यामधून करंगळीएवढा खेकडा आडवा पळाला. क्लोरीनचा वास नाही, निळ्या फरश्या नाहीत, तळ दिसतो तो वाळूचा आणि मध्येच हिरवा शेवाळ झुलतो. ढोपराला पाणी लागलं. पाय थांबले.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. फुलाफुलांच्या टोपीवाल्या बाई पोहत पोहत जवळ आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला त्यांचं इंग्रजी कळत नाही, शब्द नाकातून येतात. पण त्यांनी हात पुढे केला होता आणि तो न धरणं उद्धटपणाचं दिसलं असतं. म्हणून धरला. मी छातीएवढ्या पाण्यात उभी होते तेव्हा लेक बाजूला आली, माझ्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, "मान सोड. सोड गं. मीठ आहे पाण्यात, बुडणार नाहीस." ज्या बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायला मी समुद्र ओलांडून आले होते ते अजून तिच्या पोटात, आणि न्हाऊ घातलं जात होतं मला. मान सोडली. कानात पाणी गेलं आणि जगाचा आवाज बंद झाला, नुसता स्वतःचा श्वास. वर आभाळ, बाजूला कडा, कड्यावर कुठेतरी जावई तिळगूळ खात बसलेला.

पुढच्या शनिवारी अमावास्या होती. मी लेकीला आदल्या दिवशीच बजावलं होतं, उद्या उधाण. आणि तसंच झालं. भरतीला लाट भिंतीवरून थेट आत आली, शुभ्र, दाणकन. सगळ्या बायकांनी एकदम किंकाळी फोडली, मालवणात पोरं फोडतात तशीच. पाण्याबरोबर एक मासा आत आला, आणि ओहोटी लागली तसा परत जायची वाट शोधत भिंतीलगत फिरत राहिला. मी कठड्याला धरून बराच वेळ त्याला बघत होते. पुढच्या लाटेत गेला असावा.

घरी आल्यावर केस वाळले की कानशिलापाशी मीठ कडकडतं. अंगरखा दोरीवर घातला, तर वाळल्यावर त्यावर पांढऱ्या रेघा, मिठागरासारख्या. लेक म्हणते, नीट दोनदा धू. मी एकदाच धुते.

आता रोज सकाळी मी कोपऱ्यावरच्या भाजीच्या दुकानात जाते. कार्ड देत नाही, नोट देते. तो पोरगा आता ओळखतो मला. एकतीस वर्षं खिडकीच्या आतून "सुट्टे द्या, सुट्टे" म्हणून लोकांच्या अंगावर ओरडले, आणि आता कोथिंबिरीची जुडी हातात धरून हसून उभी असते, त्याने गल्ल्यातली नाणी मोजून द्यावीत म्हणून.