सायखेड्याच्या पुलाला अडकलेली पाणवेली

गोदावरीला आम्ही नाशिककर गंगा म्हणतो. लहानपणी आजीचे बोट धरून रामकुंडाकडे निघालो की ‘गंगेवर चाललो’ असेच सांगायचो. हीच गंगा शहर ओलांडून चांदोरी-सायखेड्याकडे जाते, तेव्हा उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी पाणी दिसतच नाही. दिसतो तो पाणवेलींचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवागार थर. पहिल्या पुरात तो वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतो आणि तो काढण्यासाठी धावपळ सुरू होते.

स्वीडिश शास्त्रज्ञ योहान रॉकस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पृथ्वीच्या पर्यावरणाच्या नऊ मर्यादा मांडल्या. २०२३ च्या फेरआढाव्यात त्यांपैकी सहा ओलांडल्याचे आढळले. या विषयावर बोलताना आपण बहुधा कार्बनपाशीच थांबतो. मला मात्र नायट्रोजन आणि फॉस्फरसची मर्यादा अधिक जवळची वाटते, कारण ती आमच्या नदीवर तरंगताना दिसते.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला, तरी बहुतेक पिकांना तो थेट घेता येत नाही. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या प्रक्रियेने १९१३ पासून हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया कारखान्यात होऊ लागला आणि त्यातून पुढे युरियासारखी खते आली. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसे या खतांवर पिकलेल्या अन्नावर जगतात, म्हणून शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला अन्यायाचे वाटते. तरीही हिशेब गंभीर आहे: वर्षाला सुमारे ६.२ कोटी टन नायट्रोजन ही सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि माणूस मुद्दाम जमिनीत आणतो तो सुमारे १९ कोटी टन. त्यातला जेमतेम निम्मा पिकाला लागतो. उरलेला काही हवेत उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरींत उतरतो, काही ओहोळांवाटे नदीला मिळतो. त्यात शहराचे सांडपाणी फॉस्फरसची भर घालते आणि मूळची दक्षिण अमेरिकेतली ही पाणवेल त्यावर काही आठवड्यांत दुप्पट होते. थराखाली ऊन पोहोचत नाही, वेली कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

हेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेल्या या जलाशयावर हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या आणि चक्रवाक पाहताना, त्यांच्यासाठी मोकळे पाणी किती उरले आहे, याकडेच माझे लक्ष जाते.

काढलेल्या पाणवेली काठावरच टाकल्या, तर त्यांनी शोषलेले सारे पावसात पुन्हा नदीत उतरते. त्यांचे कंपोस्ट करून शेतात नेणे कष्टाचे असले, तरी मला तेच योग्य वाटते. निफाडच्या माझ्या मामेभावाने यंदा द्राक्षबागेच्या खरड छाटणीनंतर सवयीने खताचा डोस दिला नाही. आधी माती आणि पानदेठ तपासून घेतले. युरियाच्या दोन गोण्या अजून त्याच्या शेडमध्ये न फोडता पडून आहेत आणि बाग चांगली फुटली आहे.