बंद घराची राखण

आत्या गेल्यानंतर तिचे घर जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले आणि किल्ल्या माझ्याकडे होत्या. पाच महिन्यांनी पहिल्यांदा दार उघडले, तेव्हा गटाराचा इतका उग्र दर्प आला की कुठे तरी पाइप फुटला असावा असे मला वाटले. प्रत्यक्षात न्हाणीघराच्या जाळीखालच्या वळणात जे थोडेसे पाणी कायम साचलेले असते आणि गटारातला वायू अडवून धरते, ते वापराअभावी आटून गेले होते. खिडक्या उघडून तिथे बादलीभर पाणी ओतल्यावर तासाभरात वास गेला. वापरातल्या घराची किती राखण माणसांच्या नुसत्या वावराने होते, हे त्या दिवशी कळले.

पुढे मी दर पंधरा दिवसांनी जाऊ लागलो. एरवी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, गेल्यावर तो उघडून प्रत्येक नळ काही मिनिटे सोडायचा, कारण साचलेल्या पाण्यात २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाला न्यूमोनियासारखा आजार करणाऱ्या लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. मग कपाटांची दारे उघडायची, भिंतींवर ओल किंवा वाळवीची माती दिसते का ते पाहायचे आणि तारखेसह छायाचित्रे काढायची. घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामे राहिल्यास अनेक विमा पॉलिसींचे संरक्षण कमी होते, म्हणून विमा कंपनीला लेखी कळवणे आणि अशा नोंदी जपणे मला आवश्यक वाटते.

चोरीच्या भीतीने खिडक्यांना फळ्या ठोकाव्यात असे एका नातेवाइकांनी सुचवले होते, पण मी ते मानले नाही. फळ्यांमुळे हवा कोंडते, ओल वाढते आणि घर रिकामे असल्याचे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला समजते. दाराबाहेर लोंबणारे मोठे कुलूप आणि उंबऱ्याशी साचलेली पत्रेही तेच सांगतात. त्यापेक्षा दारात बसवलेले चांगले कुलूप आणि दुसरी किल्ली सांभाळणारा विश्वासू शेजारी अधिक उपयोगी पडतो.

तरीही, लोकांना डोक्यावर छप्पर मिळत नसताना एक धडधाकट घर मी केवळ राखत होतो, याची बोचणी मला सतत लागून होती. कॅनडातील व्हँकूव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर मूल्याच्या एक टक्का कर लावला आणि पुढे तो वाढवला. घर अडवून ठेवणाऱ्यांसाठी असा कर मला योग्य वाटतो. मात्र वारसांच्या सह्या, रखडलेली दुरुस्ती आणि भाडेकरू घर सोडणार नाही ही भीती, यांमुळेही घरे बंद राहतात. नेदरलँड्समध्ये रिकाम्या इमारतीत कमी मोबदल्यात राखणदार म्हणून माणसे राहायला ठेवण्याची पद्धत रुजली आहे. अशा रिकाम्या इमारतींत बेकायदा घुसून राहणे तिथे २०१० मध्ये गुन्हा ठरले. राखणदारामुळे इमारत जागती राहते, पण भाडेकरूचे पूर्ण हक्क त्याला नसतात आणि थोडक्या मुदतीत बाहेर पडावे लागते, म्हणून या सोयीला मी घर म्हणणार नाही.

आमच्याकडे तिसऱ्या वर्षी सगळ्या वारसांच्या सह्या झाल्या आणि मुदतीचा लेखी करार करून आम्ही ते घर एका कुटुंबाला भाड्याने दिले. किल्ल्या सोपवताना मी त्यांना मुख्य व्हॉल्व्ह आणि मेन स्विच दाखवला. जाळीत पाणी ओतण्याविषयी मात्र काही सांगावे लागले नाही.