तुम्ही विचारलंत म्हणून : रायफलीची काडतुसं भरायला पहिली पावडर कोणती?

अमेरिकेत रायफल शूटिंगला लागलेली आपली मंडळी रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) पुन्हा भरण्यासाठी जपून ठेवायला लागली की हा प्रश्न येतोच : “प्रेस आणलं, डाय आणले, ३०८ विंचेस्टर आहे. आता पावडर कोणती घेऊ?” (प्रेस म्हणजे काडतूस भरायचं यंत्र, डाय म्हणजे त्यात बसवायचे साचे, ३०८ विंचेस्टर हा काडतुसाचा प्रकार.) हे उत्तर तिथल्यांसाठीच. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. राज्याचे नियम मात्र आधी बघून घ्या.

पावडरच्या आधी गोळी ठरवा. ३०८ साठी १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) घेणार असाल, तर ती गोळी बनवणाऱ्याचं चालू मॅन्युअल उघडा आणि त्या पानावर छापलेल्या पावडरींतूनच निवडा. पानावर नाही ती तुमच्यासाठी नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

त्या यादीतून निवडायची कशी? सगळा खेळ पावडर किती वेगानं जळते याचा आहे. नळीच्या भोकाच्या मानानं पुंगळी जितकी मोठी आणि गोळी जितकी जड, तितकी सावकाश जळणारी पावडर लागते. म्हणून २२३ ला हलक्या गोळीसाठी एच ३३५, ३०८ ला व्हारगेट किंवा आयएमआर ४०६४, ६.५ क्रीडमूरला एच ४३५०, ३०० विन मॅगला (ही सगळी काडतुसांची नावं) एच १००० अशी पावडरींची नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. पिस्तुलाची झटपट जळणारी पावडर रायफलीच्या पुंगळीत रायफलीच्या मात्रेनं पडली तर रायफल फुटते, आणि तिच्यामागे तुमचा चेहरा असतो. बर्न रेटचा (जळण्याच्या वेगाचा) तक्ता फक्त क्रम सांगतो. तक्त्यात शेजारी आहे म्हणून एकीची मात्रा दुसरीला लावू नका.

नावांचा घोळ सगळ्यात घातक. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. ४३५० आणि ४८३१ चंही तेच. आकडा सारखा दिसला तरी आधीची अक्षरं वाचल्याशिवाय डबा उचलू नका.

नवख्यानं पुंगळी जवळजवळ भरून टाकणारी पावडर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ३०८ मध्ये ४०६४ ची मात्रा पुंगळीच्या मानेपर्यंत येते. चुकून दोनदा ओतली तर सांडते आणि चूक तिथेच दिसते. भरलेल्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून वरून टॉर्च मारा : सगळीकडे पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी खोल किंवा उंच वाटली की ती रिकामी करून पुन्हा तोला. गोळी बसवायची ती यानंतरच.

आता दाणा. ४०६४ चे दाणे शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखे लांबट असतात. पावडर मेझरचं (मात्रा मोजून ओतणाऱ्या उपकरणाचं) हँडल फिरवताना एखादा दाणा कडेला अडकतो, कट्‌कन तुटतो आणि मात्रा ग्रेनच्या दशांशांनी इकडेतिकडे होते. म्हणून थोडी कमी ओतून तराजूवर ट्रिकलरनं (दाणे थोडेथोडे सोडणाऱ्या नळीनं) पूर्ण करायची. एच ३३५ सारखी बॉल पावडर खसखशीसारखी घरंगळते, मेझरमधून एकसारखी पडते. पण पेटायला जरा अवघड, त्यामुळे प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पेटवणारी टोपी) मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. तिचा दाब थंडी-उन्हाळ्यानुसारही जास्त बदलतो. व्हारगेट, एच ४८९५, एच ४३५० यांच्यावर तापमानाचा परिणाम कमी होतो. ॲरिझोनात जानेवारीत बसवलेली कमाल मात्रा जुलैत उन्हातल्या गाडीतून काढून झाडली, तर दाब वाढलेला असतो.

ग्रेन हे वजन आहे, दाण्यांची मोजणी नव्हे. सोनाराची गुंज जवळपास दोन ग्रेनची, यावरून अंदाज घ्या. पौंडात ७००० ग्रेन. ३०८ ला चाळीसच्या आसपास लागतात, म्हणजे एका डब्यात साधारण १७० काडतुसं. हा हिशोब डबा किती पुरेल एवढ्यापुरताच. खरी मात्रा पुस्तकातून. तिथली सुरुवातीची मात्रा घ्या. फक्त कमाल दिली असेल तर दहा टक्के कमी करा, आणि अर्ध्या ग्रेनपेक्षा लहान पायऱ्यांनी चढा. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उचलायला जड झाला, प्रायमर चपटला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळ्याचा) चकचकीत ठसा उमटला की तिथेच थांबा. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) पुस्तकापेक्षा जास्त वेग दाखवत असेल तर दाबही जास्त आहे, मग प्रायमर कितीही छान दिसो. सावकाश जळणारी पावडर पुस्तकापेक्षा कमी भरणंही तितकंच धोक्याचं.

एम-१ गॅरंड (अमेरिकी सैन्याची जुनी, गॅसच्या दाबानं आपोआप पुन्हा भरणारी रायफल) वाल्यांसाठी वेगळं सांगतो : ४८९५ किंवा ४०६४ च्या आसपासचीच घ्या. फार सावकाश जळणारी पावडर गॅसच्या भोकाशी जास्त दाब देते आणि बोल्ट मागे ढकलणारा ऑपरेटिंग रॉड वाकतो.

तर ३०८ ला पहिला डबा व्हारगेट किंवा ४०६४, एकच पौंड, जवळच्या दुकानातून. ऑनलाइन मागवलात तर घातक मालाचं वेगळं शुल्क पडतं. ते मोठ्या खरेदीलाच परवडतं, तेव्हा प्रायमरही त्याच ऑर्डरमध्ये घाला. रायफलीला ती मानवली की मग आठ पौंडांचा डबा. लॉट नंबर (डब्यावरचा कारखान्यातल्या खेपेचा नंबर) बदलला की मात्रा खाली आणून पुन्हा चढायचं.

टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मेझरमधली पावडर त्याच डब्यात परत. रात्रभर राहिली तर सकाळी ती कुठली याची खात्री उरत नाही, आणि काही पावडरी मेझरचं प्लास्टिकही खातात. मूळ डब्यातच, थंड कोरड्या जागी ठेवा. चांगल्या पावडरला ईथरसारखा सौम्य वास येतो. झाकण उघडल्यावर नाकात झोंबणारा आंबट वास आला, किंवा तांबूस-तपकिरी धूळ दिसली, की तो डबा वापरातून काढा.