लॉबीवरचा तो लेख आणि उडालेला धुरळा

काल रात्री परत मिअरशायमर आणि वॉल्ट या दोन अमेरिकन प्राध्यापकांचा इस्राएल लॉबीवरचा लेख वाचत बसलो. अमेरिकेचं मध्यपूर्वेतलं धोरण इस्राएलच्या बाजूने वळवतात ते तिथले इस्राएल-समर्थक दबावगट, म्हणजे ही लॉबी, असा त्यांचा दावा. 'द अटलांटिक'ने आधी मागवला, मग नको म्हणाले, शेवटी मार्च २००६ मध्ये 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये आला आणि मग काय, नुसता धुरळा! हार्वर्डने तर त्याच्या लांब आवृत्तीवरून स्वतःचा लोगोच काढून टाकला (वॉल्ट तिथलेच, म्हणजे प्रोफेसर आमचा, पेपर आमचा नाही).

प्राध्यापक एलियट कोहेननी वॉशिंग्टन पोस्टमध्ये सरळ ज्यूद्वेषाचा शिक्का मारला, हार्वर्डचेच कायद्याचे प्राध्यापक आणि इस्राएलचे कट्टर समर्थक डर्शोविट्झनी लांबलचक उत्तर लिहिलं, ते अपेक्षितच होतं. मला भारी वाटले ते भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की, इस्राएलवर एवढी टीका करणारा माणूस पण त्यांनाही हे पटलं नाही, कारण सगळं लॉबीच्या माथी मारलं की तेल, अमेरिकेचे स्वतःचे हितसंबंध वगैरे बाजूला राहतात आणि वॉशिंग्टन नामानिराळं.

मला विचाराल तर आयपॅक (या लॉबीतली मुख्य संस्था) आणि अमेरिकेच्या काँग्रेसबद्दलचा (म्हणजे तिथल्या संसदेबद्दलचा) भाग बऱ्यापैकी भक्कम आहे, पण इराक युद्धाचं खापर लॉबीवर फोडलंय तिथे जरा कच्चंच वाटतं, बुश-चेनी काय कुणाच्या सांगण्यावरून चालणारे होते का?